मुलीकडची माणसं

कुठल्याही मंगल कार्यालयात शिरलो की मी आधी नवरा-नवरी बघत नाही, कूलर बघतो. कूलरसमोरच्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते बघतो. बायको म्हणते, "लग्नात आलं की तुम्हालाच मेलं एवढं गरम होतं!" तसं काही नाही. मी धुळ्याचा माणूस, उन्हाचं मला नवल नाही. पण नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं जळगावात एका बाईंच्या घरी भाड्याने राहिलो, त्यांनी ही खोड लावली. बाई आता नाहीत. खोड राहिली आहे.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. पिंप्राळ्याच्या रस्त्यापासून टॉवर चौकापर्यंत नुसतं 'बाई' म्हटलं की ह्याच. ठेंगणी मूर्ती, खळ घातलेलं सुती पातळ, पायात कवायतीचे पांढरे बूट आणि गळ्यात शाळकरी पोरांच्या असते तशी पाण्याची बाटली. मी डाळ मिलच्या ऑफिसात होतो. वरची पत्र्याची खोली मला दाखवताना त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "तुझ्याकडे इस्त्री आहे का?" मला वाटलं, म्हातारीला लाईटबिलाची काळजी आहे. मी घाईने म्हटलं, "आहे, पण फार वापरत नाही." त्या म्हणाल्या, "वापरशील."

मालकीण म्हणून त्या खाष्ट होत्या, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाला देवत्व द्यायची आपल्याला भारी हौस. बाईंना ते चाललं नसतं. पाण्याची मोटर त्या स्वतःच्या मर्जीने लावत आणि मी अंगाला साबण लावला की बंद करत. माझ्या डब्यातली भाजी न विचारता चाखून "मीठ कमी" असा शेरा मारत. मला कधी नावाने हाक मारली नाही. जिन्याखालून "धुळेकर!" असा हजेरीतला आवाज यायचा आणि मीही, चांगला मिशा फुटलेला माणूस, "हजर" म्हणून खाली पळायचो. खोटं तर त्या इतकं सफाईने बोलत, की ह्यांनी चाळीस पिढ्यांना 'नेहमी खरे बोलावे' कसं शिकवलं असेल, असा मला प्रश्न पडे.

इस्त्रीचा उलगडा एप्रिलात झाला. रविवारी सकाळी बाई कपड्यांचा ढीग घेऊन वर आल्या. त्यात दोन-तीन धोतरं, सदरे, एक हिरवं लुगडं आणि त्यांच्या वारलेल्या यजमानांचे सफारी सूट. यजमानांना त्या 'सर' म्हणत. "कडक कर," म्हणाल्या, "दुपारचा मुहूर्त आहे." मी खिडकीतून अंगणात पाहिलं. नळावर चार-पाच माणसं आंघोळ करत होती. चेहरे ओळखीचे वाटले, आणि मग लक्षात आलं. स्टेशनजवळ बंद पडलेल्या दुकानांची रांग आहे, तिथल्या शटरला टेकून बसलेली ही माणसं. मी रोज त्यांच्यासमोरून जायचो. बाई त्यातल्या एकाचे केस विंचरत होत्या आणि तो मान आखडून बसला होता.

तासाभरात अंगणात पाहुणे तयार झाले. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक म्हातारी होती, केळीच्या बागेत कामाला म्हणून आलेली आणि मुकादम सोडून गेल्यावर इथेच राहिलेली. तिने हिरवं लुगडं नेसलं. एक माणूस मुळीच बोलत नसे, त्याला सरांचा राखाडी सफारी असा बसला की तो थेट जिल्हा परिषदेचा सदस्य दिसायला लागला. पुढे प्रत्येक लग्नात त्याला लोक आग्रह करकरून पहिल्या रांगेत बसवायचे. एकदा तर एकाने बदलीच्या कामाबद्दल त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ह्याने गंभीरपणे मान हलवली. त्या माणसाचं काम झालं की नाही ते माहीत नाही, पण समाधान झालेलं दिसलं.

बाईंच्या ओळखीचे सलीमभाई आपली रिक्षा घेऊन आले. "चला बाई, आज कोणाची पोरगी?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "बघू, गेल्यावर कळेलच."

बाईंचा सगळा विचार एका वाक्यात होता आणि ते त्या मला दर उन्हाळ्यात ऐकवत. "सावली गावभर आहे रे, धुळेकर. पण प्रत्येक सावलीला मालक आहे." दुकानाच्या छपराखाली बसलं की दुकानदार उठवतो. एटीएमच्या गार खोलीतून रखवालदार काढतो. देऊळ दुपारी बंद. झाडाखाली रसवंतीवाला. उन्हात पडलेला माणूस आधी दहा ठिकाणांहून उठवला गेलेला असतो आणि मग अकराव्या ठिकाणी, जिथे कोणीच उठवत नाही अशा ठिकाणी, म्हणजे भर उन्हात, तो आडवा होतो. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. भर वैशाखात, भर दुपारी, खान्देशात ज्या जागेतून माणसाला कोणी उठवत नाही अशी एकच जागा बाईंनी शोधून काढली होती. लग्न. मोठ्ठा हॉल, चारी कोपऱ्यांत भुंग्यासारखे घोंघावणारे कूलर, गार पाण्याचे जार, पोटभर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, आणि निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांना ओळखत नाहीत. मुलाकडच्यांना वाटतं हे मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटतं हे मुलाकडचे.

"विचारलंच कोणी तर मुलीकडचे म्हणायचं," अशी त्यांची सगळ्यांना सक्त ताकीद होती. मी विचारलं, "मुलाकडचे का नाही?" तर म्हणाल्या, "मुलाकडच्याची चौकशी होते रे. जेवलात का, कुठे उतरलात, काही कमी नाही ना. मुलीकडच्या माणसाला कोण विचारतंय?"

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे शाळा. दारात कोणी अडवलंच तर बाई चष्मा नाकावर ओढून त्याच्याकडे रोखून बघत आणि म्हणत, "काय रे, माझ्या वर्गात होतास ना तू?" तिशी-चाळिशीतल्या माणसाला आपली दुसरी-तिसरीची बाई नक्की आठवते थोडीच! तो गडबडून वाकून पाया पडायचा. एकदा मात्र खुद्द वधूपित्यानेच गाठलं. "आपण कोणाकडून?" बाईंच्या तोंडून सवयीने गेलं, "मुलीकडून." तो म्हणाला, "मुलीचा बाप मी आहे." मी मागे उभा होतो, तो हळूच दाराकडे सरकलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तू मला ओळखायला हवं होतंस. कुठल्या शाळेत होतास?" त्याने शाळेचं नाव सांगितलं. गंमत म्हणजे ती बाईंचीच शाळा निघाली. पुढची दहा मिनिटं तो गृहस्थ बाईंनी त्याला कोंबडा करून उभं केल्याची आठवण सगळ्यांना सांगत होता आणि आमच्या पाहुण्यांना त्याने स्वतः उभं राहून वाढायला लावलं.

मला हे सगळं आधी फक्त गमतीचं वाटे. ते गमतीचं नव्हतं हे आबांमुळे कळलं.

आबा त्याच शटरपाशी बसणारे, मूळचे पाचोऱ्याकडचे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहून वाहून पाठ कायमची वाकलेली. वय किती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते फक्त अहिराणी बोलत, माझ्या आईसारखी, म्हणून माझा त्यांच्यावर जीव जडला असेल. आबा तोंडाने फटकळ. बाईंनी शोधलेल्या प्रत्येक लग्नाला ते नावं ठेवत. "वरनमा तूप नही शे. पोरना बाप कंजूस दिखस." पण लग्न चुकवायचे नाहीत. सकाळीच शटरपाशी तयार होऊन बसत. सलीमभाई दिसले की पहिला प्रश्न, "आज कोनं लगीन शे?"

एका लग्नात मानपान चालू होता. माईकवरचा माणूस एकेका वडीलधाऱ्याला बोलावत होता आणि यजमान त्याला टोपी, टॉवेल, नारळ देत होते. आबा पुढेच बसले होते. वाकलेली पाठ, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचं धोतर. कोणालातरी वाटलं, हे म्हातारे राहिलेच. त्यांनी आबांचा हात धरून त्यांना व्यासपीठावर नेलं. आबांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. मग नवरी उठली आणि तिने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी नारळ काखेत धरला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलेनात. शेवटी नवरदेवाला पाया पडायचं होतं म्हणून कोणीतरी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

परतताना रिक्षात ते नारळ मांडीवर धरून बसले होते. उतरताना मला म्हणाले, "मनी भाचीनं लगीन व्हतं. मी गऊच नही. मामा रिकामा हाते कसा जाई?" एवढंच. मला पुढे समजलं ते असं, की मामाने भाचीच्या लग्नात भांडं द्यायचं ही रीत, आणि त्या वर्षी जिनिंग बंद पडल्याने आबांच्या हाताला काम नव्हतं. लाजेने गेले नाहीत. न गेल्याची लाज त्याहून मोठी झाली, म्हणून पुन्हा बहिणीच्या दारात गेले नाहीत. मग गावातच गेले नाहीत. एका भांड्यापायी माणूस आख्खा रस्त्यावर आला होता.

त्यानंतर आबांना असे बरेच मान मिळाले. टॉवेलांची त्यांनी एक गाठोडी केली. बाईंचा नियम होता, बाहेर पडायचं तर टॉवेल ओला करून डोक्याला गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. आबा बाकी सगळं ऐकत, टॉवेल भिजवत नसत. "मानना टॉवेल शे बाई. वल्ला कसा करू?" एक जुनं फडकं होतं, ते भिजवून बांधत आणि नवे टॉवेल गाठोडीत घडी घालून ठेवत.

एकदा एका पेपरवाल्याला ह्याचा वास लागला. तो घरी आला, बाईंना 'समाजसेविका' म्हणाला. बाईंनी त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. मी म्हटलं, "अहो, चांगलं लिहिलं असतं त्याने." तर मलाच झापलं, "मूर्खा, छापून आलं की उद्यापासून प्रत्येक दारात माणूस उभा राहील! आणि आबा वाचतील की ते बेघर आहेत." आबांना वाचता येत नव्हतं हे मी बोललो नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि मग ते वर्ष आलं. वैशाखातच गुरू-शुक्राचा अस्त. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, माहेरवाशिणी झोके खेळून सासरी परतल्या आणि लग्नं थांबली. ज्यांना घाई होती त्यांनी आधीच उरकून घेतली, बाकीच्यांनी पुढे ढकलली. मंगल कार्यालयांना कुलपं लागली. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभ्या राहायच्या, पान उलटायच्या, परत मागे यायच्या. शुक्र बुडाला तरी ऊन काही बुडालं नव्हतं. उलट त्या वर्षी जरा जास्तच तापलं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे आणि संध्याकाळी हवा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखी येई.

बाई वणवण फिरल्या. एका धर्मशाळेच्या ट्रस्टींकडे गेल्या, तर धर्मशाळा फक्त यात्रेकरूंसाठी. एका शाळेत वर्ग उघडून मागितले, तर सुट्टीत शिपाई गावी. सलीमभाईंनी त्यांच्या मोहल्ल्यातला एक हॉल मिळवून दिला, तिथे आठवडाभर बरं गेलं, मग तिथला पंखाच जळाला. शेवटी बाईंनी स्वतःच्या घराचं दार उघडलं. खालच्या दोन खोल्यांत भाड्याने मोठा कूलर आणून लावला. हिरव्या लुगड्याची म्हातारी आली, सफारीवाला आला, आणखी दोघं आले. दुपारभर फरशीवर पडून राहत, पन्हं पीत.

आबा आले नाहीत.

बाई, मी, सलीमभाई, तिघं आळीपाळीने जाऊन आलो. आबा शटरला टेकून बसलेले. शटर हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं. मी त्यांच्याशी आईच्या बोलीत बोललो, चिडलो, हातापाया पडलो. आबा एकच म्हणत होते, "तठे मी पाव्हना शे. तुमना घर ऊनू तं भिकारी व्हई जासू." लग्नातलं जेवण त्यांना चाले, कारण ते जेवण मानाचं होतं. बाईंचं पन्हं चालत नव्हतं, कारण ते दयेचं होतं. पाणी तेवढं घेत. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि एक-दोनदा त्यांनी मला दुसऱ्याच नावाने हाक मारली.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "नाव चुकले?" त्यांनी विचारलं. "म्हणजे डोक्यात ऊन शिरायला लागलं." आणि ताट बाजूला सारून त्या उठल्या. "लग्न लावू या," म्हणाल्या.

समोरच्या घरातल्या मुलींकडे बाहुल्या होत्या. बाईंनी बाहुला-बाहुलीचं लग्न ठरवलं. ठरवलं म्हणजे खरंच ठरवलं. अंगणात लहानसा मांडव घातला, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, मुंडावळ्या आणल्या, गल्लीतल्या बायकांना बट्टीचं पीठ मळायला बसवलं. सफारीवाल्याला मुलाचा बाप केलं. आणि मग कुंकवाच्या अक्षता ताम्हनात घेऊन, ठेवणीतलं रेशमी पातळ नेसून त्या माझ्यासोबत स्टेशनजवळ आबांना आमंत्रण द्यायला निघाल्या. रस्त्याने लोक बघत होते.

आबांनी अक्षतांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "शुक्र बुडेल शे," ते म्हणाले. "आते कोनं लगीन?"

"बाहुलीचं," बाई म्हणाल्या. "बाहुल्यांना अस्त नसतो, आबा."

मला वाटलं आबा आता उखडणार. पण त्यांनी विचार केला. "बठ्ठा येतीन का?"

"सगळे येतील. तुमची वाट बघतील."

"मंग मामा कोन शे?"

बाई अडल्या. इतक्या वर्षांत कुठल्याही दारात त्या अशा अडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. आणि मग त्यांनी, आबा यावेत म्हणून, अगदी मनापासून सांगितलं, "तुम्ही. मुलीचे मामा तुम्ही."

आबांनी दोन्ही हात पुढे करून अक्षता घेतल्या आणि टोपीच्या घडीत खोचल्या. "येसू," म्हणाले. बाईंनी बजावलं, उद्या सकाळीच सलीमभाई रिक्षा घेऊन येतील, तोवर इथून हलायचं नाही. आबा हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "मामाले आनाले कोनी जास का? मामा सोता येस."

परतताना बाई खुशीत होत्या. चौकात थांबून त्यांनी मला उसाचा रस पाजला. भाडेकरूला रस पाजण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. गल्लीने ते लग्न खरंच अंगावर घेतलं होतं. कोणी साडी नेसून आलं, कोणी टोपी घालून. कूलर सुरू होता. सलीमभाई सकाळीच गेले होते, ते रिकामी रिक्षा घेऊन परतले. "बाई, आबा जागेवर नाही. गठरी बी नाही." बाई म्हणाल्या, "येत असतील. मामा आहेत, भाव खाणारच." मुली बाहुलीला पाटावर उभी करून धरून बसल्या. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं म्हणणारे शेजारचे काका पुन्हापुन्हा घसा साफ करत होते. बाई म्हणाल्या, "मामा आल्याशिवाय सुरू करायचं नाही." ऊन चढत गेलं. बाईंनी पातळाचा पदर खोचला, सोडला, परत खोचला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "धुळेकर, जा रे."

सलीमभाई आणि मी निघालो. स्टेशन, भाजीबाजार, बसस्टँड. शेवटी रिंगरोडकडच्या एका वसाहतीच्या फाटकापाशी घोळका दिसला. आबा भिंतीच्या कडेला आडवे होते. ती भिंत ज्यांची, त्यांनी पाणी आणलं होतं, एक बाई वर्तमानपत्राने वारा घालत होती. आबांच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. घाम नव्हता. डोळे उघडे होते, पण ते कोणाला बघत नव्हते. डोक्यावर नुसती पांढरी टोपी, आत खोचलेल्या अक्षता. फडकं नव्हतं, टॉवेल नव्हते. छातीशी घट्ट धरलेला एक स्टीलचा तांब्या होता, लहानसा, बाहुलीच्या लग्नाला शोभेल एवढा.

टोपली घेऊन बोहारीण शेजारीच बसली होती, रडत होती. तिने सांगितलं. म्हातारबाबा सकाळपासून तिच्या मागे होते. ती जुन्या साड्यांवर भांडी देते, टॉवेलांवर कोण देतं? म्हणून ती नाही म्हणत पुढे गेली, ते मागोमाग आले. ह्या गल्लीतून त्या गल्लीत, एका वसाहतीतून दुसरीत. तिने वाटी पुढे केली, ती त्यांना नको होती. तांब्याच पाहिजे. शेवटी तिला दया आली. तिने सगळे टॉवेल घेतले आणि तांब्या दिला. "कोरे टॉवेल होते हो," ती म्हणाली. "एकाचीबी घडी मोडलेली नव्हती. म्हटलं, बाबा, एक तरी डोक्याला ठेवा. तर म्हणाले, नही, मंग तू म्हनशी, मामानी कमी दिधं."

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत जेवढं पाणी होतं तेवढं सगळं त्यांच्या अंगावर ओतलं. डॉक्टरांनी बर्फ लावला, ओल्या चादरी लावल्या, जे करायचं ते सगळं केलं. आबांना उशीर झाला होता.

बाई त्यानंतरही बरेच उन्हाळे होत्या आणि लग्नांना जात होत्या, पण रीत बदलली. खोटं बोलणं त्यांनी सोडून दिलं. दारात उभ्या राहून स्पष्ट सांगत, "ही माणसं उन्हात होती. दुपारभर बसू द्याल का?" काही ठिकाणी हाकलत. पण खरं सांगतो, बहुतेक ठिकाणी आत घेत. कोणी म्हणे, या ना, त्यात काय विचारायचं. असं कोणी म्हटलं की मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू फुटायचं, कारण मग आधीही विचारता आलं असतं. बाईंनाही तेच वाटत असणार. त्या अशा वेळी मान फिरवून बाटलीतलं पाणी प्यायच्या. मानपानाची वेळ आली की उठून बाहेर जायच्या. आणि 'मुलीकडचे' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. शेवटचा ऐकला तो त्या दुपारी, दवाखान्यात.

बाई मांडवातून तशाच आल्या होत्या. रेशमी पातळ, कपाळावर मोठं कुंकू, पायात ते कवायतीचे बूट, मुठीत अक्षता. त्यांनी आबांच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. हातातला तांब्या सोडवायला परिचारिका पुढे झाली तर म्हणाल्या, "राहू दे." तेवढ्यात टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, "ह्यांच्याकडचं कोण आहे?"

मी काहीतरी सांगणार होतो. कोणी नाही, रस्त्यावरचे आहेत, असंच काहीसं. बाईंनी मला हाताने थांबवलं.

"आम्ही आहोत," त्या म्हणाल्या. "मुलीकडचे."

कारकुनाने मान वर केली. "मुलगी कुठे आहे? तिला कळवलंत का?"

बाईंनी मुठीतल्या अक्षतांकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती पाटावर उभी आहे. मामाची वाट बघतेय."